वहिनीचा दात

शनिवारी मनिषाला कंपनीची सुट्टी होती, म्हणून प्रितमबरोबर दातांच्या दवाखान्यात जायचं काम तिच्याकडे आलं. तिच्या या धाकट्या दिराला सोबतीची गरज होती असं नाही. पण दवाखान्यातून तसंच पुढे पनवेलच्या बाजारात जाऊन हळदीला द्यायच्या पिवळ्या साड्या घ्यायच्या होत्या, आणि साड्यांचा पोत वहिनीशिवाय घरात कोणाला कळत नव्हता.

क्रिकेट खेळताना प्रितमचा पुढचा दात पडला होता. गावातल्या स्पर्धेतला चेंडू तोंडावर बसला, आणि त्याच आठवड्यात त्याला डॉक्टर विनितांच्या खुर्चीत बसवण्यात आलं. तेव्हा लग्न ठरत आलं होतं. "नवरदेव हसला पायजे," असं सासूबाई, गुणाबाई म्हणाल्या आणि विषय संपला. हाडात स्क्रू बसवून वर पक्का दात लावायचा, त्याला किती पैसे लागतील, हे कोणी विचारल्याचंही मनिषाला आठवत नव्हतं. आज त्या स्क्रूवर कायमची टोपी बसली. प्रितमने आरशात चारदा हसून पाहिलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

"आणि तुम्ही?" डॉक्टरांनी मनिषाकडे वळून विचारलं. "मघापासून पाहतेय, तोंडावरची ओढणी काढतच नाही तुम्ही."

मनिषाने ओढणी खाली केली. वरचा पुढचा एक दात नव्हता.

"कधी झालं हे?"

"मागल्या महिन्यात. माळ्यावरनं हळदीसाठी तांब्याचं मोठं पातेलं काढत होते, ते सुटलं हातातून."

म्हणजे ज्या लग्नासाठी दिराचा दात बसला, त्याच लग्नासाठी वहिनीचा पडला होता.  डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, हिरडी दाबून पाहिली आणि प्लास्टरची एक कवळी हातात घेऊन समजवायला लागल्या. काढता-घालता दात दोन-तीन हजारांत होईल, चार दिवसांत मिळेल. रात्री काढून ठेवायचा, टाळूला प्लेट लागते म्हणून बोलताना सुरुवातीला जड जातं. ब्रिजला पंधराएक हजार लागतील. हिरडी भरली की काम लवकर उरकतं, पण आधार म्हणून शेजारचे दोन्ही चांगले दात घासून बारीक करावे लागतात. तिसरा दिरासारखाच, स्क्रूचा. चाळीसच्या आसपास खर्च, चार-पाच महिने धीर. शेजारच्या दातांना मात्र हात लावायचा नाही.

"चांगले दात घासायचे?" मनिषाने विचारलं. "त्यांनी काय केलंय?"

डॉक्टर हसल्या. "म्हणूनच तुम्हाला तिसरा सुचवेन. वय लहान आहे तुमचं. पण घरी बोलून ठरवा. फार उशीर मात्र नको, हाड झिजतं."

वय लहान आहे, हे तिला सात वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा, प्रणित, काविळीने गेला, तेव्हापासून ती या घरात वयस्क बाई होऊन राहिली होती. द्रोणागिरीच्या एका गोदामात खोक्यांवरची लेबलं तपासायची नोकरी ती करत होती. पगार गुणाबाईंच्या हातात जाई; त्यातून मुलीची, अंकिताची फी आणि घरचा किराणा होई. यात तिला कधी अन्याय वाटला नव्हता. गाडीत बसल्यावर मात्र तिने पहिल्यांदा मनाशी हिशेब केला, की चाळीस हजार म्हणजे आपले तीन पगार. प्रितमच्या हळदीच्या डीजेला त्याहून जास्त जाणार होते.

संध्याकाळी गुणाबाई ओट्याशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. प्रितम पाटावर बसून जेवत होता, नव्या दाताने भाकरी तोडत. मनिषाने भीतभीतच विषय काढला. तिन्ही प्रकार सांगितले आणि शेवटी म्हणाली, "डॉक्टर म्हनतात, स्क्रूचा केला त बाकीचे दात वाचतील."

गुणाबाईंचे हात थांबले नाहीत. "तो त प्रितमचा हाय तसा."

"हा. तसाच."

"त्याचं लगीन हाय, मनिषा. तुला आता कोनाला दाखवायचाय?"

"दाखवायचा नाय, आई. मना खाता येत नाय. बोलताना हवा जाते. कंपनीतली पोरं हसतात."

"बाईमानसानं ओट मिटून बोलावं. रांडमुंड बाईनं दातावर एवढा पैसा घातला त भावकी काय म्हनंल? लोकांना वाटंल, हिला दुसरं घर करायचंय."

अंकिता दाराशी अभ्यास करत होती. तिने पुस्तक मिटलं. "आजी, मम्मीचाच पगार आहे ना?"

"तू गप बस. मोठ्यांत बोलायचं नाय."

प्रितमला वाद नको होता. तो मनाने वाईट नव्हता. मनिषा या घरात लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता. त्याचे गणवेश तिने धुतले होते, गोवराच्या तापात त्याच्या उशाशी ती बसली होती, आणि आपल्या मित्रांसमोर तो आजही तिला दुसरी आईच म्हणे. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "वयनी, लगनानंतर काढता-घालता करू ना तुला. आता घाई कशाला? तसं पन तू काय फोटोत नसशील."

बोलून झाल्यावर त्याने भाजी वाढून मागितली. मनिषाने वाढली.

त्या एका वाक्याने तिला घरातली आपली किंमत कळली. आतापर्यंत तिला वाटत होतं, आपल्या दाताचा प्रश्न पैशाचा आहे. पैशाचा असता तर तिने काहीतरी मार्ग काढला असता. भिशी उचलली असती, सोन्याचा मणी मोडला असता. पण इथे दात कितीचा हे कोणी मोजतच नव्हतं. ज्या तोंडात तो बसायचा, त्या तोंडाची किंमत घरात आधीच ठरलेली होती. आणि ती ठरवताना सगळे किती सहज जेवत होते!

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव पडला. मोठा पडदा लागला, त्यावर प्रितमचे आणि नवरीचे फोटो सरकत होते. मनिषा सकाळपासून स्वयंपाकघरात होती. हळद तिनेच तेलात कालवली, वाटी तिनेच भरली. विधवेने हळद कालवलेली चालते, लावलेली चालत नाही, आणि या नियमातला विनोद आजवर कोणाच्या लक्षात आला नव्हता. गुणाबाई मागच्या खोलीत पलंगावर बसून होत्या. नवरदेवाची आई असूनही, त्याही विधवाच म्हणून, त्या बाहेर येणार नव्हत्या. पाच सवाष्णी बोलावल्या गेल्या. धवलारीण सूर धरून हळदीची गाणी म्हणू लागली. आत्या, मावशा, चुलत्या, एकेकजण पुढे होऊन प्रितमच्या गालाला, हाताला हळद लावू लागली.

मनिषा दाराच्या चौकटीला धरून बघत होती. अंकिता गर्दीतून तिच्याकडे आली. तिच्या हाताला हळद होती. "मम्मी, तू काकाला लावलीस?"

"मी नाय लावायची, अंकी."

"का?" मुलीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "त्याला लहानाचा मोठा तू केलास ना?"

दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं. मनिषाला एकदम वाटलं, आज मुलीला जे उत्तर देईन तेच ती जन्मभर धरून बसेल. तिने चौकट सोडली. बायकांमधून वाट काढत ती पाटापाशी गेली, खाली बसली, वाटी उचलून तीत बोटं बुडवली आणि प्रितमकडे बघून हसली. तोंड झाकलं नाही. त्याला ती अशीच हसून शाळेत सोडायची, तेव्हा दात सगळे होते एवढाच फरक.

"प्रितम, बाळा, सुखी राहा," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

प्रितमने मान मागे घेतली.

विचार करून घेतली नसेल. त्याच्या नजरेसमोर भावकी होती, नवरीकडचे दोघं मोबाइलवर चित्रण करत उभे होते, आणि भीती माणसाच्या अंगात विचाराच्या आधी पोचते. पण मान मागे गेली ती गेलीच. मनिषाचा हात हवेत राहिला. धवलारणीचा सूर तुटला. मागून कोणीतरी बोललं, "अगं, अपशकुन करशील!"

मनिषाने क्षणभर आपल्या बोटांकडे पाहिलं. मग तोच हात वळवून तिने स्वतःच्या दोन्ही गालांना हळद लावली, शांतपणे, चांगली चोळून. वाटी पाटाजवळ ठेवली आणि उठून आत गेली. अंकिता रडत तिच्यामागे धावली.

लग्न पार पडलं. ते मोडलं नाही, नवरीला काही झालं नाही, गाड्या सुखरूप पोचल्या आणि परत आल्या. तरी घरात मनिषाशी कोणी धड बोलेना. भावकीतल्या बायका रस्त्यात तोंड फिरवू लागल्या. प्रितम तिच्यासमोर यायचं टाळी. समोर आलाच तर बुटाची नाडी बांधत बसे. पुढच्या पगाराला तिने एक गोष्ट केली. किराण्याचे आणि फीचे पैसे गुणाबाईंच्या हातात मोजून दिले, उरलेले आपल्या पर्समध्ये ठेवले. गुणाबाईंनी पैसे घेतले आणि पदराला बांधले.

शनिवारी ती दवाखान्यात जायला निघाली तर फाटकापाशी गुणाबाई उभ्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी.

"मी येते," त्या म्हणाल्या.

मनिषाला वाटलं, आता ही डॉक्टरांपुढे तमाशा करणार.  दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. बाकावर शेजारी शेजारी बसल्या. समोरच्या भिंतीवर हसऱ्या दातांचं मोठं चित्र होतं. गुणाबाई ते बराच वेळ बघत राहिल्या.

"प्रनितच्या हलदीला मी खोलीत होते," त्या मध्येच बोलू लागल्या. आवाज इतका हळू, की मनिषाला वाकावं लागलं. "त्याचा बाप जाऊन तवा पाच वरसं झालेली. तो आत आला मना बोलवायला. आये, तू पयली लाव म्हनला. मी त्याला हाकलला. म्हनलं, माजा हात लागला त तुझं वाईट होईल."

मनिषा बाकावर आणखी जवळ सरकली.

"त्याच्या गालाला मी हात नाय लावला," गुणाबाई म्हणाल्या. "तरी गेलाच ना ग तो?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. बाकावर बसलेली दुसरी माणसं दुसरीकडे बघू लागली. मनिषाने गुणाबाईंचा हात धरला. सात वर्षांत या दोघी एकाच मरणाबद्दल एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या. दोघींनाही आतून एकच धाक होता, की समोरचीला वाटत असेल, हिच्याच पायगुणाने तो गेला.

"त्या दिशी तू गालाला हलद लावलीस," गुणाबाई पुढे म्हणाल्या, "खिडकीतनं बगितलं मी. राग आला. मंग रातभर वाटत रायलं, आपल्याला कसं नाय सुचलं हे."

आतून नाव पुकारलं. दोघी उठल्या. डॉक्टर विनितांनी दिवा लावला, हिरडी पाहिली, मान डोलावली.

"छान भरलंय. काय ठरवलंत मग? काढता-घालता, ब्रिज की स्क्रूचा?"

"स्क्रूचा," मनिषा म्हणाली. "हप्त्यानं दिले त चालतील का?"

"चालतील. पण चार-पाच महिने जातील हं. मध्ये घरात काही कार्य वगैरे असेल तर तोवर तात्पुरता दात देऊ का? दिसायला बरं."

मनिषा उत्तर देणार तोच दाराशी उभ्या असलेल्या गुणाबाई बोलल्या.

"नको बाय. ती हाय तशीच येईल कार्याला," त्या म्हणाल्या. मग मनिषाकडे वळून, जरा दमात घेतल्यासारखं, "आनि पुढल्या कार्याला मी खोलीत बसनार नाय. सांगून ठेवते."