मानाची हाव

शब्दकोशाच्या कचेरीत थोरलीच्या टेबलावर एक प्राचीन ग्रीक शब्द आठवडाभर अडून बसला होता : फिलोतिमिया. फोड सोपी, मानावर प्रेम. पण तो कधी कौतुकाने वापरलेला सापडे, कधी टोमण्यासारखा. तिने पहिला अर्थ लिहिला, ‘मानाची हाव’, आणि तिला वडील आठवले.

वडील लिफ्टचे मेकॅनिक. बारा वर्षांपूर्वी एक लिफ्ट कोसळून एका शिंपिणीचा पाय गेला. साहेब म्हणाले होते, “तोंड बंद ठेवा, तुमच्या अंगावर काही येऊ देत नाही.” पण चौकशीत वडील उभे राहिले. “दोर मी पाहिलाच नव्हता. न बघता तपासणीच्या कागदावर सही केली.” नोकरी गेली, वर्षभर तुरुंगवासही झाला. आई म्हणायची, “ह्यांचा मोठेपणा झाला, घर मात्र उघड्यावर पडलं.” थोरली लेकही मग त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

त्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, आईचा फोन आला. वडील बसल्या जागी गेले होते.

चौथ्या दिवशी कुबड्या टेकत एक बाई दारात आली.

“मी त्या लिफ्टमधली,” ती म्हणाली. “काका दर रविवारी यायचे माझ्याकडे.”

आई आणि थोरली एकमेकींकडे बघतच राहिल्या. रविवारी ते पत्ते कुटायला जातात, असंच दोघी धरून चालल्या होत्या.

“माझ्या पायमशीनला त्यांनी हाताचं चाक बसवून दिलं. तेलपाणी करायचे, सुटे भाग आणायचे. पण आत कधी आले नाहीत, मशीन उंबऱ्याशी ओढून घ्यायचे. मी म्हटलं, काका, मी केव्हाच माफ केलंय. तर म्हणाले, ते तुझं झालं पोरी, माझं व्हायचंय अजून.”

थोरली म्हणाली, “मी तर ह्याला मानाची हाव म्हणत आले.”

“हाव?” शिंपीण म्हणाली. “हाव असलेला माणूस उंबऱ्यावर बसतो का हो, ताई?”

आईने विचारलं, “शेवटचे कधी आले होते?”

“ह्याच रविवारी. धाप लागली होती. आमच्याकडे लिफ्ट आहे काकू, तरी चार मजले जिन्यानंच चढायचे. म्हटलं, काका, आता पुरे. नुसते हसले.”

चार दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली आई आता रडू लागली. “मला एकदा सांगायचं तरी,” ती म्हणाली. “मी डबा दिला असता बरोबर.”