टोच्याची आमराई

“हात वर!”

लोणच्या नावाच्या आंब्याखालच्या चार पोरांनी आठ हात वर केले. महादेवराव वाकले आणि पहिल्या पोराच्या काखेत त्यांची दोन बोटं गेली. पोरगं असं खिदळलं, की शेजारच्या आंब्याखालची पोरं आपली पाळी यायच्या आधीच अंग चोरून हसू लागली.

“हालू नको बे. गाठ पाहू दे.”

“गाठ नाई जी, गुदगुल्या व्हतात!”

“होतात ना? मग तू ठणठणीत आहेस. गाठ आली का दुखतं, हसू नाही येत. चल, पुढचा.”

कवठखेडच्या आमराईत रोज सकाळी असा खिदळण्याचा आवाज एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडं सरकत जायचा. शेतातल्या झोपड्यांमध्ये भाकरी थापणाऱ्या बाया तो कान देऊन ऐकत. लोणच्या हसला, खोबऱ्या हसला, शेप्या हसला. सगळी झाडं हसून झाली, की त्यांच्या हाताला जोर यायचा.

गाव मोकळं पडलं होतं. माघात घराघरांतून उंदीर मरून पडायला लागले, तसे लोक घरांना कड्या घालून शेतात आले आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांची झोपडी बांधून राहिले. पिलेगाचं हे दरसालचंच झालं होतं. मोठी माणसं राहिली, पण पोरांचं काय करायचं? आईबाप मोहफुलं वेचायला, काट्या आणायला, मोताळ्याच्या बाजाराला गेले, की पोरं गावाकडं पळत. कुणाचा भोवरा घरात राहिलेला, कुणाची मांजर.

होळीला तर ठरलेलंच. होळीची लाकडं नि गोवऱ्या मागून आणायच्या नसतात, चोरून आणायच्या असतात. मनकर्णाबाईचा उद्धव भिंत चढून एका बंद घराच्या वाड्यात उतरला आणि गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला. त्या ढिगात मेलेले उंदीर होते. धुळवडीनंतर त्याला ताप भरला, जांघेत गाठ आली. रंगपंचमी त्यानं पाहिली नाही.

त्यानंतर उकंडराव पाटलांनी महादेवरावांचा घोडा वाटेतच अडवला.

महादेवराव सरकारी देवी डॉक्टर. म्हणजे डॉक्टर नव्हेत. गावोगाव फिरून लेकरांना देवीची लस टोचणारे. घर चिखलीला, घरी सत्यभामाबाई, मूलबाळ नाही. बारक्या घोड्यावर पितळी पट्ट्यांची पेटी बांधून ते एखाद्या गावाच्या शिवेवर आले, की झाडावरचं एखादं पोरगं ओरडायचं, “टोच्या आला बे, टोच्या!” आणि गावात औषधालाही पोर दिसायचं नाही. मग कणगीत, कडब्याच्या गंजीत, म्हशीच्या पोटाखाली, आजीच्या लुगड्यामागं, एकेकाला हुडकून काढायचं. सारी नोकरी त्यात गेली होती. पोरांचे चेहरे त्यांना फारसे ठाऊक नव्हते. पाठी मात्र ठाऊक होत्या.

“डाक्टरसायेब,” पाटील म्हणाले, “पोट्टं कुठी लपते, हे तुमच्याइतकं त्याच्या मायलेही माहीत नसन. पाऊस पडेपर्यंत आमचे पोट्टे तुमी राखा. मलकापूरच्या तहसीलदारायले म्या इचारलं. ते म्हनले, बेस आहे.”

“हुडकणं वेगळं, पाटील, राखणं वेगळं. मले पाहिलं का पोरं पळतात.”

“म्हनूनच तं! तुमी गावाच्या वाटेवर बसा. पोट्टे उलटे पळतीन.”

पाटील हसले आणि लगेच गंभीर झाले. “अजून एक लेकरू गेलं ना, तं लोक थांबनार नाई. जो तो आपले पोट्टे घेऊन सोयऱ्यायच्या गावी पळन. पिलेग त्यायच्यासंग जाईन. मंग ना हे गाव राह्यते ना ते.”

महादेवराव घोड्यावरून उतरले.

त्यांनी नियम केले ते मोजके. एका आंब्याखाली चौघं, पाचवा नाही. या झाडाच्या पोरानं त्या झाडाखाली जायचं नाही. दर झाडाला आपला माठ, आणि पाणी प्यायला पळसाच्या पानाचा द्रोण. पिऊन झालं की फेकायचा. भर दुपारी सगळ्यांच्या गोधड्या नदीच्या तापल्या खडकावर पसरायच्या. गावात पाऊल टाकायचं नाही.

“अन् खेळायचं कसं?” पहिल्याच दिवशी एका पोरीनं विचारलं. ती रुख्मिणी. झाडाआड लपलेली, फक्त आवाज बाहेर.

“ओरडून खेळायचं.”

आणि खरंच तसं झालं. लोणच्यानं कोडं घालायचं, शेप्यानं उत्तर द्यायचं. चुकलं की सगळ्या आमराईनं “हुर्यो” करायचं. पाखरं आमराई सोडून गेली, पण पोरं टिकली. चार-आठ दिवसांत महादेवरावांना पाठींऐवजी चेहरे दिसू लागले. कुणाचा दात पडलाय, कुणाच्या कानात बाळी आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

शेंद्र्या आंब्याखाली मात्र तिघंच होती. महादेवराव तिथं चौथं पोर बसवायला गेले, तेव्हा रुख्मिणीनं हात आडवा केला.

“तठी नोको बसवू. तठी उद्धव बसते.”

माठ भरायला आलेली मनकर्णाबाई मागंच उभी होती. सगळ्या माठांचं पाणी तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. तिनं ते ऐकलं, माठ भरला, वर झाकण ठेवलं आणि पुढच्या झाडाकडं गेली. महादेवरावांनी त्या चौथ्या पोराला शेप्याखाली पाचवा म्हणून बसवलं. आपलाच नियम त्यांनी तेवढा एकदा मोडला.

चैत्र असा गेला. तापानं फणफणलं कुणी नाही. वैशाख लागला आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली, तशी झाडाझाडावरून कोडी बंद होऊन एकच ओरड सुरू झाली.

“डाक्टर, झोका!”

“कसला झोका?”

“आखाजीचा! आखाजीले झोका नाई बांधला तं आखाजी कायची?”

महादेवराव चिखलीकडचे. तिकडं आखाजी म्हणजे पितरांची घागर आणि आमरस. पोरींचा जीव झोक्यात असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“दोर कुठं आहे?”

“नाडा आहे ना! मोटेचा. आमच्या गोठ्यात, आढ्याले टांगेल.” रुख्मिणी म्हणाली.

“गोठा गावात आहे. झोका पुढच्या साली.”

“पुढच्या साली माह्यं लगन होईन!”

सगळी आमराई हसली. महादेवरावही हसले आणि विसरून गेले. ही त्यांची चूक झाली.

आखाजीच्या दिवशी सकाळी लोणच्या हसला, खोबऱ्या हसला. शेंद्र्याखाली दोघंच होती, आणि दोघंही जमिनीकडं बघत होती.

“रुख्मी कुठं आहे?”



महादेवरावांनी हयातभर केलं तेच केलं. कडब्याची गंजी पाहिली, पालथ्या बैलगाडीखाली पाहिलं, नदीतली कपार पाहिली, आजीच्या झोपडीत गोधडी उचलून पाहिली. लपायच्या जागा संपल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की पोर लपलेलीच नाही. ती आणायला गेली आहे. गोठा म्हणजे काही घर नव्हे, असं तिनं मनाशी ठरवलं असणार.

पेटी, चपला, टोपी सगळं टाकून ते गावाच्या वाटेनं पळाले. त्यांना पाहून पोरं पळायची. आता ते पळत होते आणि अख्खी आमराई उभी राहून पाहत होती. एकानंही झाड सोडलं नाही.

गावाच्या वेशीत मनकर्णाबाई बसली होती. पाणी भरून झालं की ती रोज इथंच येऊन बसते, हे महादेवरावांना तोवर माहीत नव्हतं. तिच्यापासून चार हातांवर रुख्मिणी उभी होती. पाय वेशीच्या अलीकडं, नजर पलीकडं. आत रस्त्यावर पाचोळा फिरत होता.

“गेली होती का आत? खरं सांग!” महादेवरावांचा श्वास पुरत नव्हता.

रुख्मिणीनं मान हलवली.

“नाई गेली,” मनकर्णाबाई म्हणाली. “म्या अडवलंही नाई. मले वाटलं, पाह्यतो आता काय करते. धावत आली अन् अठी खिळली. त्या दिवशी भिंतीवरून उद्धव गोवऱ्या फेके अन् हे झेले. तिले माहीत आहे.”

रुख्मिणी मोठ्यानं रडायला लागली. “मले फकस्त नाडा पायजे व्हता, काकू!”

“माहीत आहे व माय.” मनकर्णाबाई उठली, लुगड्याची धूळ झटकली. “डाक्टर, तुमी लय बेस राखले पोट्टे. पन एक इचारतो. आखाजीले पोरगी झुलली नाई, तं मंग केव्हा झुलन? सासरी का चूल सोडून झोक्यावर बसन?”

“पण दोर नाही ना, मनकर्णाबाई. मोताळ्याचा बाजार परवा.”

“दोर कायले पायजे?”

आमराईकडं परतल्यावर ती झोपडीत गेली आणि एक जुनं हिरवं लुगडं घेऊन आली. पातळ झालेलं, पण मधला भाग घट्ट. या लुगड्याची झोळी बांधून तिनं उद्धवला जोजवलं होतं. गाव सोडताना ती भांडी विसरली होती, ते विसरली नव्हती.

“हे एक झालं. बाकीच्या बाया देतीन.”

दिलीच. झोपडीझोपडीतून लुगडी आली. तरी शेंद्र्याची फांदी उंच, लांबी पुरेना. तेव्हा साऱ्यांची नजर उकंडराव पाटलांच्या डोक्याकडं गेली. त्यांचं पागोटं एवढं लांब होतं, की बांधायला त्यांना दारात खुंटी लागायची.

“हे नाई भेटनार,” पाटील म्हणाले. “यात आमच्या घराची इज्जत आहे.”

एक म्हातारी म्हणाली, “इज्जत पागोट्यात आहे तं डोक्यात काय आहे गा, उकंड्या?”

पाटलांनी पागोटं उलगडलं. खालचं टक्कल गावानं पहिल्यांदा पाहिलं आणि आखाजी तिथंच निम्मी साजरी झाली.

महादेवरावांनी मात्र घाई करू दिली नाही. सगळी लुगडी आणि ते पागोटं नदीच्या खडकावर पसरलं, दगड ठेवले, आणि सूर्य कलेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. पोरं झाडाखाली तळमळत होती. हिरवं, लाल, निळं, मधे पाटलांचं पांढरं. ओसाड नदीत जणू कुणाची वरात उतरली होती.

मग पिळे भरले. बायांनी वेणी घातली, पुरुषांनी ताणून पाहिली. झोका शेंद्र्याला लागला. एका वेळी एकच झाड, एकेका पोरानं झुलायचं आणि आपल्या जागी जायचं. पोरी गात होत्या. आधीची गाणी संपली तेव्हा रुख्मिणीनं नवं जुळवलं:

“शेंद्र्या आंब्याले लुगड्याचा झोका,
टोच्याले बसवा नि उंच उंच फेका!”

आणि बसवलंच. पेटी सांभाळणारे, कोट घालणारे, सरकारी महादेवराव फांदीला डोकं लागू नये म्हणून वाकून बसले, आणि मनकर्णाबाईनं पाठीवर हात टेकून पहिला धक्का दिला. “घट्ट धरा, भाऊ,” ती म्हणाली. “लुगडं तुटनार नाई. माह्यं आहे.”

मृगाचा पाऊस आला तेव्हा घरांची कौलं उतरवून ऊन दाखवून झालं होतं, भिंतींना चुना लागला होता. पोरं गावात शिरली, जितकी आमराईत आली होती तितकी. महादेवराव पेटी बांधून पुढच्या गावाला गेले. जाताना कुणी निरोप घेतला नाही. पोरं आपापली घरं हुंगत हिंडत होती.

थंडीत ते पुन्हा कवठखेडला आले. या वेळी देवी टोचायला. शिवेवरच्या बाभळीवरून आवाज आला, “टोच्या आला बे, टोच्या!” आणि समोर खेळणारी पोरं धूळ उडवत नाहीशी झाली.

महादेवरावांनी घोडा थांबवला. क्षणभर पेटीच्या पट्ट्याशी चाळा केला. पोरंच ती. ऊन गेलं, पाऊस गेला, त्यांना काय आठवणार? ते कणग्या पाहायच्या तयारीनं उतरले.

चावडीशी पाटील बसले होते. डोक्यावर नवं पागोटं. “कणगीत नाई भेटनार,” ते डोळे मिचकावत म्हणाले. “आमराईकडं पाहा.”

आमराईत लोणच्याखाली चार पोरं बसली होती. खोबऱ्याखाली चार, शेप्याखाली पाच. कडेवर आणलेली तान्ही भावंडं मांडीवर. सगळ्यांचे हात वर.

“अरे, दोन्ही कायले वर केले? मले एकच दंड पायजे!”

“आधी गुदगुल्या, मंग टोचा,” लोणच्या ओरडला.

महादेवरावांनी पेटी खाली ठेवली. एकेका झाडाखाली वाकत, एकेका काखेत दोन बोटं घालत ते निघाले, आणि हसणं झाडावरून झाडावर सरकत गेलं. वर शेंद्र्याच्या फांदीला हिरव्या लुगड्याची एक चिंधी राहिली होती. खाली रुख्मिणी, तिचे दोघे सोबती, आणि त्यांच्या शेजारी झाडून स्वच्छ ठेवलेली एका पोराएवढी जागा.

माठ भरून मनकर्णाबाई बाजूला उभी होती.

महादेवरावांनी तिघांना पाहिलं. मग ते पुढं गेले नाहीत. त्या चौथ्या जागेपाशीही वाकले, इतरांपाशी जितका वेळ वाकले होते तितकाच वेळ, आणि मग शेप्याकडं वळले.