रुख्मिणीच्या लुगड्याची थैली

मी एक जुनी, विटकी थैली आहे. कामठा गावच्या एका गोठ्यात खुंटीला टांगलेली. माझ्या वासाने गाईसुद्धा तोंड फिरवतात, तेव्हा मित्रांनो, तुम्ही जवळ येऊ नका. तिथूनच ऐका.

जन्मले तेव्हा मी थैली नव्हते. कोष्ट्याच्या मागावर विणलेलं जांभळं लुगडं होते. मला नेसूनच रुख्मिणी नवरी झाली आणि दुधरामच्या घरी आली. सणावारी नेसून नेसून मी सायीसारखी मऊ झाले, तेव्हा तिने मला घडी घालून पेटीत ठेवलं. या घरात पहिलं लेकरू आईच्या लग्नाच्या लुगड्यात गुंडाळायची रीत होती. त्या लेकराची वाट पाहताना केवढा तोरा होता मला!

मग एका वर्षी धानावर अळी पडली. बांध्याच्या बांध्या, शेताचे तुकडेच्या तुकडे, वाळू लागले. दुधरामने गोंदियाहून कीड मारायची भुकटी आणली. ती थैलीत भरायची, थैली बांबूला बांधायची आणि दोघांनी दोन टोकं धरून धानावरून हलवत जायचं. पण गोणपाटातून भुकटी गोळ्यांनी पडे.

"मऊ कापड पाह्यजे," दुधराम म्हणाला.

रुख्मिणीने पेटी उघडली. मला मधोमध फाडून ती थांबली. "अर्धं राहू द्या जी लेकराले," ती म्हणाली. दुसऱ्या अर्ध्याची थैली शिवली, तीच मी.

तोंडाला फडकं नाही, नाकाला पदर नाही. दोघं पांढरीफटक होऊन घरी येत आणि एकमेकांना पाहून हसत. अळी मेली, धान तरारलं. सगळं गाव माझं कौतुक करू लागलं. दर पावसाळ्यात माझी आठवण निघे आणि भुकटी भरून मी पुन्हा बांबूला चढे.

पण रुख्मिणीला दिवस जात आणि पोट टिकत नसे. पुढे पाळीचाही मेळ बसेना. इकडे दुधरामची छाती बाईसारखी वाढू लागली, हात लागला की दुखे. त्याने कोणाला सांगितलं नाही. बोडीवरची, गावाच्या तळ्यावरची, आंघोळ सोडली. माझा काठ फाडून, धुऊन, सदऱ्याखाली छातीला आवळून बांधू लागला. धुतलं म्हणजे झालं, असं त्याला वाटे. भुकटी तर माझ्या धाग्याधाग्यात मुरली होती. आपल्या रक्तात हार्मोन नावाचे रस असतात, अंगाची वाढ, पाळी, गर्भ तेच सांभाळतात आणि असली विषं त्यांचा तोल बिघडवू शकतात, हे आता शिकलेली माणसं सांगतात. तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

एके दिवशी दुधरामच्या आईने, सुमित्राबाईने, चिचगडहून रुख्मिणीच्या भावाला बोलावून घेतलं. ओसरी माणसांनी भरली.

"तुह्या बहिणीत खोट हाये, सुकराम. घेऊन जा तिले. मले पोराचं दुसरं लगन लावाचं हाये."

रुख्मिणीने नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी तरी बोला जी. माह्यातच खोट हाये का?"

मी त्याच्या छातीवरच होते. काळीज कसं धडधडत होतं, ते मलाच माहीत. त्याचा हात सदऱ्याच्या गुंडीपर्यंत गेला. बोल रे बाबा, दाखव एकदा सगळ्यांना! पण त्याने माणसांकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

रुख्मिणी गाडीत बसली. माझा चांगला अर्धा भाग तिने उराशी धरला होता. त्या दिवशी दुधराम गोठ्यात येऊन इतका रडला, की मी चिंब भिजले. असलं रडणं काय कामाचं?

पुढच्या पावसाळ्यात बांबूचं दुसरं टोक नव्या नवरीने, कुंदाने धरलं. तीही पांढरी होऊन हसत घरी आली.

मित्रांनो, पिकावर विष मारावं लागलंच तर नाक-तोंड झाका. त्याचं कापड पुन्हा अंगाला लावू नका. आणि पाळणा हलला नाही म्हणून एकट्या बाईकडे बोट दाखवू नका.

बाजारात दुधरामला सुकराम भेटला होता, ते गोठ्यात बोलताना मी ऐकलं. माझा दुसरा अर्धा भाग रुख्मिणी दर उन्हाळ्यात ऊन दाखवून पुन्हा घडी घालून ठेवते म्हणे. त्यावर भुकटीचा एक कण नाही. लेकरूही त्यात कधी गुंडाळलं गेलं नाही.