उजव्या स्पीकरची फिर्याद

मी एक जुना, घरी बनवलेला स्पीकर आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. मित्रांनो, तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते. त्या बिचाऱ्या आपलं दुःख सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला बनवलंच आहे मोठ्याने बोलण्यासाठी, आणि ज्याच्यावर माझा राग आहे त्याची मी भीडभाड ठेवणार नाही.

आम्ही दोघे भाऊ आहोत. एक डावा आणि मी उजवा. आम्हाला कोणत्याही कारखान्याने घडवलं नाही, आईने घडवलं. ती या घरातल्या मुलाची आई, म्हणून आमचीही आई. ती टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होती. दिवसभर कानांना हेडफोन लावून बसायचं आणि याची तार त्याला, त्याची तार याला जोडून द्यायची. टेलिफोनमधून येणारा माणसाचा आवाज कसा असतो, तुम्हाला ठाऊक आहे. पातळ, नाकातून आल्यासारखा. आई संध्याकाळी चप्पल काढता काढता म्हणायची, "दिवसभर माणसांची नुसती सालं ऐकते मी. आतला गर कधी ऐकणार?"

एके दिवशी ती दुकानात जाऊन तयार स्पीकर ऐकून आली आणि नाक मुरडून म्हणाली, यांच्यातही गर नाही. मग तिने आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. तो सुतार होता. घरात सगळे त्याला मामा म्हणत.

"ताई, स्पीकर म्हणजे खोकंच ना शेवटी?" मामा म्हणाला. "चहा टाक, तो उकळेपर्यंत ठोकून देतो."

चहा उकळला, प्यायला गेला, पुन्हा पुन्हा झाला, पण खोकं काही जमेना. पहिलं खोकं असं खणखणलं की मामाच म्हणाला, "ताई, यापेक्षा बादली वाजवू." दुसरं घुमायचं. आई कान लावून ऐकायची आणि सांगायची, इथली फळी थरथरते आहे, इथे आतून आडवी पट्टी मार. मामा कुरकुर करत पट्टी मारायचा. जुन्या कपाटाची दारं रंधून त्याने आमच्या भिंती केल्या. आत भरायला कापूस हवा होता, तो आईने उशांमधून काढला. त्यामुळे पाहुणा म्हणून राहिलेल्या मामाचीच मान धरली, आणि तो वाकड्या मानेनेच करवत चालवत राहिला. आवाज काढणारे आमचे कागदाचे पडदे आईने रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानातून एकेक वाजवून निवडून आणले. अँप्लिफायरही तिनेच जोडला. त्याच्या प्रत्येक सांध्यावर तिने स्वतः कथलाचा डाग दिला.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझ्या सगळ्या रागाचं मूळ तिच्यात आहे. रस्त्यात बंद पडलेली गाडी दोघांनी एका बाजूने ढकलली तर ती चालते. एक मागून आणि दुसरा पुढून ढकलू लागला तर दोघांना घाम फुटतो आणि गाडी जागची हलत नाही. आम्हा भावांचं तसंच आहे. आमचे पडदे एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे गेले पाहिजेत. एकाची तार उलटी लागली की दोघंही वाजतात, पण एकमेकांच्या विरुद्ध. आवाजातला भरदारपणा जातो आणि गाणारा माणूस जागेवर राहत नाही, नुसता भिंतीभर पसरतो. आईला मिळालेल्या तारेचे दोन्ही पदर काळेच होते. म्हणून तिने शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला आणि जो पदर पाठीमागच्या वरच्या खुंटीला लावायचा, त्याच्या दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवली. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, लाल दोरा वर.

आम्ही पहिल्यांदा वाजलो तेव्हा एक बाई गात होती. ती माझ्यातून गात नव्हती आणि डाव्यातूनही नव्हती. ती आमच्या दोघांच्या मधोमध उभी होती. मामाने चक्क मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. आई पुढे गेली आणि जिथे कोणीच नव्हतं त्या हवेत तिने हात फिरवला. "इथे उभी आहे बघ," ती म्हणाली. त्या दिवशी मला कळलं की मी कशासाठी जन्मलो.

पुढची कितीतरी वर्षं सुखाची गेली. शेजारीपाजारी मुद्दाम ऐकायला यायचे. माझा एखादा स्क्रू सैल झाला तर दुसऱ्या कोणाला कळायच्या आत आईला कळायचं. स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता ती ओरडायची, "उजवा कुरकुरतोय गं बाई!" आणि पदराला हात पुसत पेचकस घेऊन यायची. असे कान होते तिचे. हे लक्षात ठेवा.

मग मुलगा मोठा झाला, मिळवता झाला. मुलगा वाईट नाही. पण त्याला टापटिपीचं वेड. चपलासुद्धा पायपुसण्याच्या कडेला धरून रांगेत. मामा त्याला टापटीपराव म्हणायचा. मामा गेल्यावर हे नाव घेणारं कोणी उरलं नाही, आणि टापटीपरावांना रान मोकळं मिळालं. त्यांनी बैठकीची खोली नव्याने करून घेतली. भिंतीत कपाटं आली. आम्हाला दोन कोनाड्यांत घट्ट बसवलं, तारा भिंतीतल्या पट्टीत गेल्या, अँप्लिफायर वरच्या कप्प्यात गेला, आणि तारांवर गुळगुळीत फळ्या बसल्या. तारा ओढताना त्याच्या नजरेला लाल दोरे पडले.

"ही काय लक्तरं!" तो म्हणाला आणि नखं कापायच्या कात्रीने त्याने सगळ्या गाठी कापून टाकल्या. मग जो पदर हाताला लागला तो जिथे लागला तिथे जोडला. माझ्या तारा उलट्या लागल्या.

त्या संध्याकाळी आई हौसेने समोर येऊन बसली. गाणं लागलं. मी पुढे गेलो, डावा मागे गेला. मी माझ्या सख्ख्या भावाशी भांडत होतो आणि मला थांबता येत नव्हतं. आईने मान तिरकी केली. जागा बदलून पाहिली. मग म्हणाली, "अरे, पोकळ वाटतंय रे. ती मधे उभी राहत नाहीये."

"कोण उभी राहत नाहीये?"

"गाणारी. तारा उलट लागल्यात का बघ बरं जरा."

मुलगा मोबाइलमध्ये बघत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बघितल्या गं आई. बरोबर आहेत."

मित्रांनो, त्याने बघितल्या नव्हत्या! मी तिथेच होतो. माझ्या पाठीमागे कोणी डोकावलंही नव्हतं. फळी काढायचा कंटाळा आला म्हणून तो माणूस आपल्या आईशी खोटं बोलला, तेही इतकं किरकोळ खोटं की त्याचं त्यालाही ते आठवलं नसेल. आणि आईने काय केलं? एकीकडे तिचे कान होते, दुसरीकडे पोटच्या पोराचा शब्द होता. तिने पोराचा शब्द खरा मानला.

तरी तिने एकदा दुपारी, घरात कोणी नसताना, मला कोनाड्यातून ओढायचा प्रयत्न केला. मामाने मला चांगला जड बनवला होता आणि तिचे गुडघे आता पूर्वीचे राहिले नव्हते. मी तसूभरही हललो नाही. माझ्या जडपणाचा मला तेवढा तिटकारा कधी आला नव्हता. संध्याकाळी मुलाने कोनाड्यावरचा ओरखडा पाहिला आणि तोच तिच्यावर चिडला. "आई, काय चाललंय तुझं? सांगितलं ना तारा बरोबर आहेत! अगं, जन्मभर कानाला ते डबडं लावून बसलीस, कान जाणारच. यात लाजण्यासारखं काय आहे?"

त्या दिवसापासून आई खचली. दारावर कोणी हाक मारली तर ती उठायच्या आधी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघू लागली, खरंच हाक आली का म्हणून. बोलता बोलता मधेच म्हणायची, "मला तसं ऐकू आलं बाई, माझंच चुकलं असेल." तिचे कान ठणठणीत होते. तिचा कानांवरचा विश्वास तेवढा गेला होता, आणि तो घालवला होता एका 'बघितल्या'ने. मला दुरुस्त करता आलं असतं. पेचकस आणि थोडी लाज, एवढंच लागलं असतं. पण आमच्यापुढे बसणं तिने सोडून दिलं.

मग टापटीपरावांना आमची अडगळ झाली. खालच्या गाळ्यात एक इस्त्रीवाला होता. आई माहेरच्या कुणाकडे गेली असताना मुलाने आमच्या तारा पाठीशी कापल्या, आम्हाला आणि अँप्लिफायरला त्याच्याकडे देऊन टाकलं आणि कोनाड्यांत दोन काचेच्या फुलदाण्या ठेवल्या. आई परतल्यावर तिने फुलदाण्यांकडे पाहिलं. "दिले कोणालातरी," मुलगा म्हणाला. "तसंही तू ऐकत नव्हतीस." हे मला पुढे आईच्याच तोंडून कळलं.

इस्त्रीवाल्याने आम्हाला कपड्यांच्या टेबलाच्या दोन बाजूंना फळीवर चढवलं. तो यातला कोणी जाणकार होता असं समजू नका. त्याने तारांची टोकं दाताने सोलली, जशी हाताला आली तशी पिळली आणि मोबाइल जोडला. निव्वळ नशीब! मी पुढे गेलो आणि माझ्या जोडीने डावाही पुढे गेला. किती दिवसांनी आम्ही दोघांनी एका बाजूने गाडी ढकलली. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली आणि म्हणाला, "आयला, दणका आहे की खोक्यात!"

त्याच आठवड्यात आईसाठी ऐकू येण्याचं यंत्र घ्यायला जायचं ठरलं होतं. मुलाने तिला खाली थांबायला सांगितलं आणि तो गाडी काढायला गेला. आई चांगली साडी नेसून, पर्स छातीशी धरून गाळ्याबाहेर उभी होती. आम्ही वाजत होतो. मी तिला पाहिलं आणि तिची मान तिरकी झालेलीही पाहिली.

ती पायरी चढून आत आली. "या काकू, कपडे आणले का?" इस्त्रीवाल्याने विचारलं. ती टेबलापाशी, आमच्या बरोबर समोर येऊन उभी राहिली. गाणारी आमच्या मधोमध उभी होती. आई तिच्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

बाहेर हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मग मुलगा स्वतःच आला. "आई, अगं काय करतेस इथे? वेळ घेतलीय आपण."

"इकडे ये. इथे उभा राहा."

"आई, उशीर..."

"उभा राहा म्हटलं ना."

तो उभा राहिला. त्याने ऐकलं. त्याचेही कान काही फुटके नव्हते, त्याने ते कधी वापरले नव्हते एवढंच. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग इस्त्रीवाल्याकडे. "यात काही नवीन घातलंत का?"

"कुठलं काय साहेब. तारा पिळल्या, बास."

आई मुलाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "मी तुला विचारलं होतं, तारा उलट लागल्यात का बघ. तू बघितल्या होत्यास?"

"मला वाटलं, वाजतंय म्हणजे..."

"बघितल्या होत्यास का?"

इस्त्रीवाला उगाच एका शर्टाची कॉलर पुन्हा दाबू लागला. मुलगा खाली बघून म्हणाला, "नाही."

"मी माझे कान खोटे ठरवले रे," आई म्हणाली. "तू खोटं बोलशील असं मला वाटलं नाही, म्हणून कान खोटे ठरवले. घरात तोंड उघडायची मला भीती वाटायला लागली होती."

"चुकलं आई. चल, आपण हे परत वर नेऊ. आत्ता नेऊ."

"राहू देत ते इथे. तू गाडी जागेवर लाव. मला कुठेही जायचं नाही." एवढं बोलून तिने पर्स टेबलावर ठेवली, ती इस्त्रीवाल्याने पुढे केलेल्या स्टुलावर बसली आणि त्याला म्हणाली, "तू कर बाबा तुझं काम. मी ऐकत बसते."

मुलगा गाडी लावायला गेला. आई आता रोज इथे येऊन बसते; तोही हल्ली कधीमधी येतो आणि मुकाट्याने आईशेजारी उभा राहतो. आईने त्याला माफ केलं असेल, आया करतात. मी केलेलं नाही. त्याला पाहिलं की माझा पडदा अजून ताठतो.

मित्रांनो, आता रिवाजाप्रमाणे मी तुम्हाला सांगायला हवं की आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला जपा. नका पुसू. आम्ही लाकडाचे आहोत, धूळ सोसते आम्हाला. पण तुमच्या घरातलं कोणी म्हणालं की काहीतरी बिघडलंय, तर त्याचं वय मोजत बसू नका. उठा, फळी काढा आणि काय बिघडलंय ते बघा. कंटाळा आला असेल तर निदान तसं सांगा, "नाही बघितलं." तेवढ्यानेही एखाद्याचे कान वाचतील.