मागच्या सीटवरची रांगोळी

कन्नड मुलखातल्या आमच्या लष्कर मोहल्ल्यात मोटारसायकलच्या सीट शिवणारी बाई एकच, आणि ती मी. हे काम मला कुणी शिकवलं नाही. आमचं घर रंगाऱ्यांचं, कापड रंगवणाऱ्यांचं. सासऱ्यांच्या हयातीतच रंगाच्या चुली विझल्या, घरात शिवणाचं मशीन आलं, आणि एके दिवशी नवऱ्याच्या गाडीची फाटकी सीट मी उसवून पाहिली. आत काय असतं ते कळलं. परत तसंच घातलं. एवढंच माझं शिक्षण.

एक युक्ती मात्र माझी स्वतःची. फोम कापायच्या आधी मी त्यावर काळं कापड ताणते, कापडावर रांगोळी चाळते आणि वरून पातळ मलमल बांधते. गिऱ्हाइकानं त्यावर बसून चौकातल्या मोठ्या घड्याळापर्यंत एक फेरी मारून यायचं. उभ्या गाडीवर सगळेच सिंहासनावर बसल्यासारखे बसतात, चालत्या गाडीवर माणूस जसा आहे तसा बसतो. फेरी झाली की मलमल उचलायची. भार पडला तिथली रांगोळी पुसलेली असते, नाही पडला तिथं जशीच्या तशी. त्यावर खडूनं रेघ मारायची नि कापायचं. पँटला थोडं पांढरं लागतं, त्याला इलाज नाही. माझ्या सासूबाई, गौराबाई, दुकानाच्या पायरीवर बसून त्या पांढऱ्या पँटा बघून हसत असतात. एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, हसू देत.

उपेंद्र नावाचे गृहस्थ आले ते नव्याकोऱ्या क्रूझरवर. लांबलचक, बुटकी, काळीभोर गाडी. चामुंडीच्या डोंगरावर पूजा करून आणलेली, हँडलला झेंडूचा हार अजून सुकत होता. वय पन्नाशीचं, हेब्बाळच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, बोलणं साताऱ्याकडचं. पाच वर्षं व्हिडिओ बघून ही गाडी घेतली म्हणाले. घेऊन महिना झाला नव्हता आणि हँडल मागे ओढून घेतलं होतं, फूटरेस्ट पुढे नेले होते, सायलेन्सर बदलला होता. गाडीवर ते आरामखुर्चीत पेपर वाचायला बसल्यासारखे दिसत होते.

"ताई, सिंगल सीट करायचीय," ते म्हणाले. "मागची जागा कापून टाका. आणि माझ्या पाठीला एक टेकू. मणक्याचा त्रास आहे."

"मग मंडळींनी कुठं बसायचं?" पायरीवरून सासूबाई.

"ती बसत नाही."

"अय्यो! भांडण काय?"

"भांडण नाही आजी. तत्त्व आहे."

सासूबाईंना भांडण कळतं, तत्त्व कळत नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. त्या बघत राहिल्या की माणूस आपणहून बोलतो.

"दीड वर्षापूर्वी जुन्या गाडीवर जाताना मी एकदा विसरलो," उपेंद्र म्हणाले.

"काय विसरला?"

"तिलाच."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी लांब फोम गाडीवर बसवला, रांगोळी चाळली, मलमल बांधली नि त्यांना फेरीला पाठवलं.

परत आल्यावर मलमल उचलली आणि मी वाकून पुन्हा पाहिलं. एकट्यानं गाडी चालवणारा माणूस ऐसपैस मागे सरकून बसतो. हे पार पुढे, टाकीला चिकटून बसले होते. मागे हातभर जागा सोडलेली, रांगोळी जशी चाळली तशी. आपण जागा सोडतोय हे त्यांना तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

मला काय करायचंय? "गाडी ठेवून जा, शनिवारी दुपारी या," म्हटलं. गाडीला लावलेल्या सामानाच्या बॅगेत काही राहिलं नाही ना ते बघायला ती उघडली, तर आत जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले मागचे दोन फूटरेस्ट. गाडीचे काढले होते, पण बरोबर घेऊन फिरत होते.

"हे?"

"ते... असू द्या."

शनिवारी सकाळी मी कात्रीला धार लावत होते तेवढ्यात सिटी बसमधून एक बाई उतरल्या. सलवार-कुर्ता, हातात छत्री, चेहरा तक्रार नोंदवायला आल्यासारखा.

"वनजाताई तुम्हीच ना? मी आभा. काळ्या क्रूझरवाल्यांची बायको. कापलीत का सीट?"

"अजून नाही."

त्या स्टुलावर बसल्या नि श्वास सोडला. "त्या गाडीवर मी बसत नाही. बसणारही नाही. पण ती जागा माझी आहे! कापायच्या आधी मला विचारलं त्यानं?"

"नाही की," सासूबाई म्हणाल्या. त्यांना फार बरं वाटत होतं.

दुपारी यायचे ते उपेंद्र अकरालाच रिक्षानं आले. बायकोला बघून पाठीवरच्या बॅगेसकट दारातच उभे राहिले.

"तू इथं?"

"कात्री थांबवायला आले."

"अगं, पण तू बसत नाहीस ना..."

"नाही बसत. अरे, पण म्हणून जागाच काढून टाकायची? उद्या मी एक वेळ जेवले नाही तर ताट मोडीत घालशील का?"

नवऱ्याला अरे म्हटलेलं ऐकून सासूबाईंच्या भुवया वर गेल्या. हसू मात्र खाली येईना.

मी मध्ये पडले. "हे बघा, मला काय, एकाची करा नाहीतर दोघांची करा. पण दोघांची करायची तर दोघांचं माप लागतं. माप म्हणजे फेरी. फेरीशिवाय मी कात्री लावत नाही, कुणालाही विचारा."

हे खरंच होतं. पण आभाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी हा नियम आत्ताच्या आत्ता काढला.

"घड्याळापर्यंतच?"

"जाऊन परत. अष्टे." एवढंच, असं म्हणायचं असलं की आमच्या तोंडी कन्नडच येतं.

त्यांनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, "पाय कुठं ठेवू? ते दोन्ही विकलेत ना यानं."

उपेंद्रांनी गाडीच्या बॅगेतून अभ्रा काढला.

"विकले म्हणालास!"

"विकणार होतो. गिऱ्हाईक बघत होतो."

"महिनाभर?"

ते जमिनीवर मांडी घालून पाना फिरवायला लागले. आणि गाडीच्या मागून त्यांचं नुसतं टक्कल दिसत असताना आभाबाईंनी आम्हाला सगळं सांगितलं.

वरुणा गावाकडून दोघं येत होते. रस्त्यात मेंढरं आडवी आली म्हणून गाडी थांबली. आभाबाईंच्या पायातली चप्पल निसटली, ती उचलायला त्या उतरल्या. मेंढरं गेली, मागच्या टेंपोनं हॉर्न दिला, आणि नवरा निघून गेला.

"ओरडले हो मी! पण याचं तोंड चालू. पाठीला ही मोठी बॅग, त्यामुळे मागं कुणी आहे की नाही तेही कळेना. काय सांगत होता माहितीये? क्रूझर किती चांगली असते! शेवटी मला विचारलं, मग घेऊ का? मी काही बोलले नाही. म्हणून यानं ठरवलं की माझा होकार आहे."

"मला वाटलं विचार करतेयस," गाडीमागून आवाज आला.

"एका दूधवाल्यानं मला कॅनच्या मध्ये बसवून आणलं. आम्ही याला ओव्हरटेक केलं, ताई. यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पुढे बघितलं!"

"तुझ्यासारखी दिसते कोण, असं वाटलं."

आता मीही हसले. सासूबाई तर डोळे पुसत होत्या. आभाबाई मात्र हसत नव्हत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "पडले असते तर अपघात म्हटलं असतं. पण दोन किलोमीटर, ताई. दोन किलोमीटर याला माझी गरजच पडली नाही."

पाना थांबला.

उपेंद्र उठले, हात पुसले. "गरज पडली नाही असं नाही," ते म्हणाले. "तू मागं आहेस हे धरूनच चाललो होतो. तेच चुकलं." आणि लगेच फूटरेस्टकडे बोट करून, "नट घट्ट आहेत. बघ."

आभाबाईंनी पायानं दाबून पाहिले. मी ताजी रांगोळी चाळली, ह्या वेळी पुढून मागपर्यंत, मलमल बांधली. उपेंद्र बसले. पाठीवरची बॅग त्यांनी आपणहून काढून माझ्या टेबलावर ठेवली. आभाबाई त्यांच्या खांद्याला हात न लावता, माझा आधार घेऊन चढल्या आणि अगदी मागच्या काठावर ताठ बसल्या. दोघांच्या मध्ये एक पोतं मावलं असतं.

"सर," सासूबाई ओरडल्या, "निघताना मागं हात लावून बघा बा!"

उपेंद्रांनी खरंच हात मागे नेऊन चाचपलं.

"आहे," आभाबाई म्हणाल्या. "चल."

घड्याळापर्यंत जाऊन यायला पंधरा मिनिटं लागतात. अर्धा तास झाला. सासूबाई म्हणाल्या, परत विसरून आला असेल. पाऊण तास झाला. मी उगाच दुसऱ्या सीटची टीप घालायला घेतली नि दोनदा उसवली. दीड तासानं तो भारी सायलेन्सर कोपऱ्यावरून ऐकू आला. गाडीच्या बाजूला उसाच्या दोन कांड्या बांधलेल्या, आणि आभाबाई बोलत होत्या. गाडी थांबली तरी बोलत होत्या.

"ती मेंढरंवाली जागा दाखवायला नेलं," उपेंद्र म्हणाले. "रस्त्यात हंप आला की ती पाठीवर थाप मारते. पाठ हुळहुळतेय."

"हजेरी देते," आभाबाई म्हणाल्या.

दोघांच्याही कपड्यांना मागून पांढरं. सासूबाईंची शनिवारची चंगळ झाली.

मी मलमल उचलली. रांगोळी एका सलग पट्ट्यात पुसली होती. त्यांचं माप कुठं संपतं नि ह्यांचं कुठं सुरू होतं ते काही केल्या कळेना. आणि ज्या मागच्या काठावर त्या निघताना बसल्या होत्या, तिथं चार बोटं रांगोळी गाडीच्या हादऱ्यानं पुन्हा सारखी झाल्यासारखी पसरली होती. त्या पुढे सरकल्यावर बरंच अंतर तिथं कुणी बसलंच नव्हतं.

"ताई, माझ्या पाठीचा टेकू?" उपेंद्रांनी विचारलं.

"तो लागणार नाही," मी म्हटलं, आणि मागच्या त्या रिकाम्या चार बोटांवर खडूनं रेघ मारून कात्री घेतली.