संतांनी खाल्लेली साखर

त्या रविवारी शेजारच्या बारियाच्या शेडमध्ये तेवीस माणसं होती, दोन पिपं, एक मेणबत्ती आणि संताची एक तसबीर. एका पिपात गेल्या वर्षीची चिचा, म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस, गप्प. दुसऱ्यात यंदाचा सफरचंदाचा रस आणि मध. ते फसफसत होतं.

बेलार्मिनोबुवांनी तारेला बांधलेली मेणबत्ती फसफसणाऱ्या पिपात सोडली. ज्योत विझली. फुंकर नाही, वारा नाही. बावीस हात छातीवर क्रॉस काढू लागले.

"घेतला श्वास संतांनी!" बुवा गरजले. "आता चाखा. गेल्या रविवारी तुमच्या देखत मध ओतला. कुठे गेली गोडी? खाल्ली! पिपातली साखर खाणारे संत तुमच्या रक्तातली सोडतील काय? क्लोरिंदाबाई, सकाळ-संध्याकाळ एक पेला. आणि सुई बंद. सुई टोचली की संत रुसतात."

क्लोरिंदा माझी मावशी. आईमागे तिनेच मला वाढवलं. बुवा तिच्या पेल्यात वरून मोठा चमचा मध घालत. "संतांना पोटापर्यंत जायला शिदोरी!" तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती आणि इन्सुलिनच्या बाटल्या चुलीशेजारी तापत पडल्या होत्या.

"मावशी, अगं हा माणूस तुला मारेल."

"शिकलीस गं तू. मग मेणबत्ती कुणी विझवली ते सांग की!"

प्रश्न बरोबर होता.

आमच्या चिलोए बेटावर सफरचंदं झोडायला सगळी आळी काठ्या घेऊन येते. आज तुझ्या अंगणात, उद्या माझ्या. सफरचंदं कुणी धूत नाही, रसात एरवी वरून काही घालत नाही. तरी रस आपोआप फसफसू लागतो. कुणी काही घातलं नाही, म्हणजे न दिसणाऱ्या कुणीतरी घातलं, असं समजणं इथे फार सोपं आहे.

मी बारियाचाच रस उकळला, मध ढवळला, गार करून दोन स्वच्छ बरण्यांत भरला आणि सगळ्यांना जमवलं.

"बुवा, या बरणीत संतांना बोलवा."

बुवांनी बराच वेळ मंत्र पुटपुटले.

"जरा मोठ्याने, बुवा," चॅपेलची किल्ली सांभाळणारे ओनोफ्रे आजोबा म्हणाले, "संतांचंही वय झालंय!"

दुसऱ्या बरणीत मी सगळ्यांसमोर पावाचं चिमूटभर यीस्ट टाकलं. झाकणं लावून दोन्ही बरण्या चॅपेलमध्ये शेगडीजवळ ठेवल्या. किल्ली आजोबांकडे.

तिसऱ्या दिवशी झाकणं काढली. बुवांच्या बरणीत मेणबत्ती छान जळत राहिली. रस मधासारखा गोड. माझ्या बरणीवर फेस होता, गोडी उतरली होती आणि ज्योत आत जाताच विझली.

"उकळून संतांना जाळलंस, पोरी!"

"दोन्ही बरण्यांतला रस उकळलाय, बुवा. मग या दुसऱ्यात कोण आलं?"

"माझ्या म्हातारीच्या पावाच्या डब्यातला संत!" आजोबा म्हणाले. सगळे हसले. मावशी हसली नाही.

मी सांगितलं, "असंच यीस्ट सफरचंदाच्या सालीवर असतं, उकळलं की मरतं. साखर खातं, दारू आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो वायू हवेपेक्षा जड, पिपातच साचतो. ज्योतीला प्राणवायू मिळत नाही. बस्स. पिपातली साखर खाणारं यीस्ट तुमच्या रक्तात नसतं."

"मग इतके दिवस मी काय पीत होते?" मावशीने विचारलं.

"दारू. वर मध."

बुवा तसबीर काखेत मारून धक्क्याकडे निघाले होते. पलीकडच्या बेटावर त्यांची वाट बघत होते म्हणे. त्यांना कुणी अडवलं नाही. दोघांनी तर त्यांचे मधाचे डबे नावेपर्यंत उचलून दिले.

"संतांना मान, मावशी. मी आड येत नाही. पण कुणीही काही सांगितलं, बुवांनी, मी, की डॉक्टरांनी, तर पडताळून बघ. सुई बंद करून साखर उतरली का, हे मेणबत्तीला काय कळणार? रक्तालाच विचारायला हवं."

तिने मोजा काढला. अंगठा काळा पडला होता. मग तिने हाताचं बोट पुढे केलं.

"टोच."

यंत्रावर आकडा आला : एका डेसिलिटरला ४३८ मिलिग्रॅम, असायला हवी त्याच्या तिपटीहून जास्त साखर.