अक्पेनेचं भांडं

जिग्बोर्डी मॅडमच्या नावाचा अर्थ आमच्या एवे भाषेत 'धीर' असा होतो. नाव ठेवणाऱ्यांनी बाळाकडे नीट पाहिलं नव्हतं, दुसरं काय! खाडीकाठच्या आमच्या शाळेत पहिलीचा वर्ग तिचा, आणि अर्ध्या गावाने तिच्याच हाताखाली अक्षरं गिरवलेली. मिशा पांढऱ्या झालेले होडीवालेसुद्धा ती रस्त्यात दिसली की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहतात. अशा बाईला कुणाचा हेवा वाटावा?

तर शेजारच्या दुसरीच्या वर्गाचा.

दुसरीवर सप्टेंबरात एसिनाम नावाची नवी मास्तरीण आली. वय कोवळं, आवाज गोड, अंगात हौस. बाटल्यांची बुचं गोळा करून ती बेरजा शिकवी. वर्गाच्या भिंतीवर तिने हा एवढा निळा मासा रंगवला. सकाळची प्रार्थना झाली की पोरं ढोलाच्या तालावर वर्गात जात, तर ही बाई त्यांच्या रांगेत घुसून त्यांच्यासारखीच पावलं टाकी. मधल्या सुट्टीत मुलींबरोबर आम्पे खेळायची. टाळी, उडी, पाय पुढे! जिग्बोर्डी व्हरांड्यातून बघायची आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"मास्तरीण आहे की बेडकी?" ती पुटपुटायची.

तिच्याच वर्गातल्या एका कार्ट्याने एकदा विचारलं, "मॅडम, आम्ही दुसरीत कधी जायचं?"

"पहिली पास झालास की. म्हणजे तुझ्या बाबतीत, तुझं लग्न झाल्यावर!"

पोरं हसली. जिग्बोर्डीला मात्र हसू आलं नाही. दोन वर्गांमधली भिंत छातीएवढीच उंच, त्यामुळे पलीकडची गाणी दिवसभर इकडे येत, आणि गाणं सुरू झालं की पहिलीच्या पोरांच्या माना दोरीने ओढल्यासारख्या तिकडे वळत.

तेही तिने सोसलं असतं. सोसलं नाही ते अक्पेनेचं.

अक्पेने म्हणजे धुरावर मासे सुकवणाऱ्या बाईची मुलगी, आदल्या वर्षी पहिलीत आलेली. अख्खं एक सत्र ही पोर तोंडातून शब्द काढेना. पोरं तिला मुकी म्हणायची. जिग्बोर्डीने तिला आपल्या खुर्चीजवळ बसवलं. रोज मधल्या सुट्टीत भुईमुगाची शेंग फोडायची, दाणा बोटांत धरायची आणि विचारायची, "हा कोणाला देऊ?" पोर नुसती बघायची. दाणा तरी मिळायचाच. आणि एके दिवशी, बाहेर कोंबड्या ओरडत असताना, पोर म्हणाली, "मला."

त्या दिवशी जिग्बोर्डी घरी जाऊन रडली. हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

आता अक्पेने दुसरीत होती. बोलायला लागली होती, अडखळत का होईना. एसिनामच्या गाण्यात तिचा बारीक आवाज ओळखू यायचा. जिग्बोर्डीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. विहीर आपण खणायची आणि पाणी भलतीनेच शेंदायचं, असं तिला वाटे, आणि असं वाटतं म्हणून स्वतःचा रागही येई.

एप्रिलात दुसरं सत्र संपत आलं, तसा 'आपला दिवस' जवळ आला. सत्राचा शेवटचा दिवस हा पोरांचा. गणवेष नाही, अभ्यास नाही. घरून काहीबाही छान करून आणायचं, मित्रांत वाटून खायचं आणि एक वाटा आपल्या मॅडमच्या टेबलावर ठेवायचा. शिवाय पहिलीच्या टेबलाचा मान वेगळाच. वरच्या वर्गांतली, सहावीतली दांडगी पोरंसुद्धा आधी जिग्बोर्डीकडे येऊन वाटा ठेवून जात. तो दिवस संपला की ती डोक्यावर टोपली घेऊन सावकाश, मुद्दाम बाजाराच्या रस्त्याने घरी जायची.

डिसेंबरात मात्र आक्रीत घडलं. तिच्या वर्गातली पोरं आपापली ताटं घेऊन निळा मासा बघायला म्हणून जी पलीकडे पळाली, ती घंटा होईपर्यंत परत आलीच नाहीत. टोपली होती, पण डोक्यावर घ्यायची गरज पडली नाही.

म्हणून या वेळी शिक्षकांच्या बैठकीत तिने नियम मांडला. "घंटा होईपर्यंत कुणीही आपला वर्ग सोडायचा नाही. फार गोंधळ होतो. सांडलवंड होते."

हेडमास्तर आग्बोझो तिच्याच हाताखाली शिकलेले. त्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले. "मॅडम म्हणतात तर तसंच करू."

"पण दावी," एसिनाम म्हणाली. आमच्याकडे थोरल्या बाईला दावी म्हणतात. "मोठ्या पोरांना तुमच्याकडे यायचं असतं. त्यांनी काय करायचं?"

"घंटेनंतर यावं. ज्याला यायचंय तो थांबेल."

हे बोलताना तिच्या मनात एकच पोर होती. डिसेंबरात अक्पेनेने काही आणलं नव्हतं, तिची आई तेव्हा मासे विकायला लांब गेली होती. बाकी कुणी येवो न येवो, या वेळी अक्पेनेने यावं. ती आली की जिग्बोर्डीला कळणार होतं, पोर अजून आपली आहे की नाही.

'आपला दिवस' उजाडला. पोरं झगमगीत कपड्यांत आली. पहिलीच्या टेबलावर बिस्किटं, तळलेली केळी, कोंबडीच्या तंगड्या जमल्या. जिग्बोर्डी "शाब्बास, शाब्बास" म्हणत होती, पण लक्ष सगळं भिंतीपलीकडे. काही ना काही निमित्त काढून ती उठायची. फडकं झटकायला उठायची, खिडकीची कडी बघायला उठायची. कडी सकाळपासून तीनदा बघून झाली होती.

आणि तिने पाहिलं. अक्पेने पिवळ्या झग्यात उभी राहिली. फडक्यात बांधलेलं एक झाकणाचं भांडं तिने दोन्ही हातांनी उचललं, चालत गेली आणि एसिनामच्या टेबलावर ठेवलं. एसिनाम वाकली. पोर तिच्या कानात काहीतरी म्हणाली. एसिनाम हसली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोक्याचा रुमाल सोडून त्या भांड्यावर पांघरला.

जिग्बोर्डी खाली बसली. तिच्या छातीत जळजळ होत होती, आणि ती तळलेल्या केळ्यांची नव्हती. 'घे,' ती स्वतःला म्हणाली, 'शेंगा तू फोड, दाणे दुसरीला!' समोरच्या पोराने पुढे केलेलं बिस्किट तिने न बघताच बाजूला ठेवलं. त्याचं तोंड उतरलं, तेही तिला दिसलं नाही.

घंटा झाली. पोरं व्हरांड्यात सांडली. मोठ्या वर्गांतली काही आली, वाटे ठेवून, हात मागे बांधून गेली. त्यात कोण नि किती होते, याच्याकडे आज तिचं लक्ष नव्हतं. ती टेबल आवरत होती, तेवढ्यात दारात पिवळा झगा दिसला. अक्पेनेच्या हातात तेच भांडं होतं. ती टेबलापाशी आली, भांडं पुढे केलं, मोठा श्वास घेतला.

"म... मॅडम, प... प..."

"आता आलीस होय?" जिग्बोर्डी म्हणाली. "ज्या टेबलावर आधी मांडलंस ना, तिथेच नेऊन दे. दुसऱ्यांचं उरलंसुरलं खायची मला सवय नाही. पोट भरलंय माझं."

एक क्षणभर तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटलं.

पोरीचं तोंड तसंच उघडं राहिलं, मग मिटलं. असं मिटलेलं तोंड जिग्बोर्डीने पूर्वी एक अख्खं सत्र समोर बसवून पाहिलं होतं. अक्पेने वळली आणि भांडं छातीशी धरून निघून गेली.

भिंतीवरून एसिनामने डोकं वर काढलं. मोकळ्या केसांत कागदाचे तुकडे अडकलेले. "खाल्लंत ना दावी? कसा झालाय भात?"

"कसला भात?"

"अहो, अक्पेनेचा! सकाळी आली तीच तुमच्याकडे निघालेली. म्हटलं, नियम आहे बाई, घंटेपर्यंत थांब. तर मलाच म्हणाली, 'माशा बसतील, पोरं सांडतील, तुमच्या टेबलावर सांभाळा.' सकाळपासून स्वतः कशाला शिवली नाही. मी बिस्किट देऊन बघितलं, तर मान हलवते. आणि आठवडाभर एक वाक्य पाठ करत होती, माझ्यासमोर उभी राहून. 'मॅडम, पहिला घास तुमचा, मग माझा.' म्हटलं तिने? अडखळली नाही ना?"

एसिनामने ते वाक्य किती सुंदर म्हटलं! तशा स्थितीतसुद्धा जिग्बोर्डीच्या मनात आधी हेच आलं, आणि त्या गोड आवाजाचा तिला असा राग आला की भिंत पाडावी. आठवडाभर ते शब्द पलीकडे रोज बोलले गेले होते. सगळ्या जगाआधी ते हिने ऐकले होते.

मग तिला दिसलं ते मिटलेलं तोंड. ती टोपली तिथेच टाकून बाहेर पडली.

कांद्याच्या वाफ्यांमधून जाणाऱ्या वाटेवर ही जाडजूड बाई चपला हातात घेऊन पळताना गावाने प्रथमच पाहिली. वाफे शिंपणाऱ्यांचे हात मागे बांधायचेही राहून गेले. वाट जिथे वाळूला लागते तिथे कडुनिंबाखाली अक्पेने बसली होती. भांडं मांडीवर, झाकण तसंच बंद.

जिग्बोर्डी ठेवणीतल्या कपड्यांनिशी वाळूत बसली. तिने झाकण काढलं. लाल जोलोफ भात थंडगार झाला होता, वर डोक्यासकट तळलेला एक मासा. तिने उजव्या हाताने पहिला घास घेतला.

"झकास झालाय," ती म्हणाली. "माझं चुकलं गं पोरी. म्हण ना आता. काय म्हणणार होतीस?"

अक्पेने वाळूकडे बघत राहिली.

"प... पासून होतं ना काहीतरी? मी ऐकते. कितीही वेळ लागू दे."

पोरीने झाकणावरची वाळू पुसली.

तेव्हा जिग्बोर्डीने माशाच्या पोटाकडचा मऊ तुकडा काढला, काटे बघितले, बोटांत धरला आणि विचारलं, "हा कोणाला देऊ?"

पोरीने तिच्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं, पण फक्त घासासाठी.

भांडं संपेपर्यंत दोघी तशाच जेवल्या. अक्पेनेने वाळूने भांडं घासलं, फडक्यात बांधलं आणि रीतीप्रमाणे गुडघे किंचित वाकवून घरी निघून गेली. ईस्टरची सुट्टी लागली होती. सुट्टीनंतर शाळा उघडली की ती बसणार होती ती पलीकडेच, निळ्या माशाखाली. पहिला घास जिग्बोर्डीला मिळाला होता. ते वाक्य मात्र तिने आयुष्यात एकदाच ऐकलं, तेही एसिनामच्या आवाजात.